हलासनाला दिलेलं पॅकिंग

हलासन म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. उताणं पडायचं, दोन्ही पाय उचलायचे आणि डोक्यावरून मागे नेऊन पायांची बोटं डोक्यापलीकडे जमिनीला टेकवायची. सांगायला एवढंच आहे. करायला किती लागतं ते मला विचारू नका, कारण ते मी अजून केलेलं नाही. मी जे करून बसलो ते वेगळंच.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक सभागृह आहे. तिथे रोज सकाळी योगाच्या बाई यायच्या आणि माझी बायको त्यांची सगळ्यात जुनी शिष्या. मुलीच्या जन्मानंतर हिची कंबर जी धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले होते, "आता या कंबरेकडून फार अपेक्षा ठेवू नका." हिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि परत येताना वाटेत सतरंजी विकत घेतली.

घरात हिचं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. कपाटातला एक कप्पा होता, तोही मुलीच्या जुन्या स्वेटरांनी भरलेला. पण सभागृहातली ती सतरंजी हिची होती आणि हलासनही हिचं होतं. पाय मागे जायचे, कंबर वर उठायची, फक्त बोटं जमिनीपासून जराशी वर राहायची. घरी आल्यावर चहा गाळता गाळता ही अंगठा आणि तर्जनी माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "आज एवढंच राहिलं." मला ती फट कालच्याइतकीच दिसायची, हिला मात्र कमी झालेली दिसायची. मी "वा!" म्हणून पेपरात डोकं घालायचो. तेव्हा मी निदान उपद्रव तरी देत नव्हतो.

मग मी निवृत्त झालो.

कारखान्यांमध्ये मोठी यंत्रं बसवून देणाऱ्या कंपनीत माझी सगळी नोकरी झाली. यंत्र कितीही महागाचं असो, आणून ठेवलं की ते कधीच सरळ बसत नाही. तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी. मग त्या चौथ्या पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारायच्या, पाणसळ ठेवून पातळी बघायची आणि बोल्ट आवळायचे. याला आम्ही पॅकिंग म्हणतो. फट दिसली की पॅकिंग, हे माझ्या हाडीमाशी इतकं भिनलं की आमच्या घरात एक टेबल, एक कपाट, एक पाट डुगडुगेल तर शपथ. येणारे पाहुणे सवयीनं खुर्चीवर जपून बसतात आणि उगाचच अवघडतात. असो.

घरी बसल्यावर मी बायकोला गॅसची ज्योत केवढी असावी, कणीक मळताना खांदे कुठे असावेत, केर काढताना गुडघ्यात कसं वाकावं, हे समजावून सांगू लागलो. हिनं काही दिवस ऐकलं. मग एका सकाळी म्हणाली, "अहो, तुम्हीपण चला सभागृहात. इथे बसून मला वाकायला शिकवण्यापेक्षा तिथे जाऊन स्वतः वाका."

गेलो. बाईंनी सांगितलं तसा पडलो, पाय उचलले. पाय वर गेले आणि तिथेच थांबले. छताकडे बघत दोघेही निवांत उभे. मी त्यांना मागे बोलावलं, मनातल्या मनात विनवण्या केल्या आणि शेवटी एक हिसका दिला. तेव्हा ते मागे न येता बाजूला कलले आणि शेजारी पडलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या पोटावर उतरले. दंतवैद्यांनी मोठा आ केला. उभा जन्म दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या माणसाचा आ मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला.

बाई धावत आल्या. "काका, घाई नको. आज पाय उभे राहिले ना, पुष्कळ झालं. तुमच्यासाठी एवढंच हलासन."

तुमच्यासाठी एवढंच! अख्खे कारखाने ज्यानं पाणसळीत आणले त्याला एवढंच! पलीकडे माझी बायको घडी घातल्यासारखी दुमडून शांतपणे श्वास घेत होती आणि मी दंतवैद्यांची माफी मागत होतो.

दुपारपर्यंत बातमी इमारतभर झाली. लिफ्टमध्ये, जिन्यात, गाड्या लावतो तिथे, जो भेटेल तो सल्ला देऊ लागला. कोणी म्हणालं, गरम पाण्यानं अंघोळ करून जात जा. कोणी म्हणालं, अंघोळ मुळीच करू नका, अंग आखडतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, या वयात पाय डोक्यावरून नेणं बरं दिसत नाही. दंतवैद्यांनी एवढाच सल्ला दिला की उद्यापासून दुसऱ्या कोणाशेजारी झोपा.

विचार करता करता माझ्या लक्षात आलं की दोष माझ्या पायांचा नाहीच. पाय आणि जमीन यांच्यात फट आहे, एवढंच. आणि फटीचं काय करायचं ते मला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल घेऊन गेलो. ते डोक्यामागे ठेवलं, पाय उचलले, बायकोनं मागून जरा रेटा दिला आणि पाय स्टुलावर टेकले. मी हलासनात होतो! जमीनच थोडी वर आली होती, दुसरं काय?

बाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या खूश झाल्या. "छान, काका. अंग आखडलेलं असलं की असंच सुरू करायचं. खांद्यांखाली घोंगडीची घडी घ्या, मान मोकळी ठेवा, कंबरेला हातांचा आधार द्या. गुडघे वाकले तरी चालतील. फक्त स्टूल हळूहळू खालचं खालचं घेत जायचं."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

माझं पाहून वर्गातले सगळेच आखडलेले जागे झाले. दंतवैद्य म्हणाले, "साहेब, मलापण बसवून द्या." सगळ्यांना पुरतील एवढी स्टुलं कोणाच्याच घरी नव्हती. सभागृहात मात्र भिंतीला लावून खुर्च्यांची चळत होती. त्या खुर्च्यांचे मालक आम्ही सगळे आणि राखणदार आमच्या सोसायटीचे सचिव. सचिव म्हणजे असा माणूस की जो स्वतःच्या घराची बेल वाजवण्यापूर्वीही नियम आठवतो.

"खुर्च्या कशाला हव्यात?" सचिवांनी विचारलं.

"पाय ठेवायला."

"खुर्ची बसण्यासाठी असते."

"बरोबर आहे. पण आम्ही झोपलेले असू."

"झोपण्यासाठी सभागृह देता येत नाही."

मी त्यांना हलासन समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे शरीर जमिनीवर आणि पाय तेवढे खुर्चीवर. अशा वापराबद्दल नियमांत काहीच नाही. समितीपुढे न्यावं लागेल."

समितीपुढे गेलं. तिथे एका सदस्यानं मूलभूत प्रश्न काढला की सकाळी ज्या खुर्चीवर दंतवैद्यांचे पाय, त्याच खुर्चीवर संध्याकाळी आपण बसायचं का? दंतवैद्य म्हणाले, माझे पाय तुमच्या दातांपेक्षा स्वच्छ आहेत. त्यावर बराच वेळ गेला. शेवटी परवानगी मिळाली ती अशी की बैठकीवर वर्तमानपत्र अंथरायचं, खुर्चीच्या पायांना रबरी टोपणं लावायची आणि सचिव स्वतः येऊन पाहणी करणार.

सचिव आले, पाहिलं, आणि म्हणाले, "खुर्चीवर भार किती येतो हे मला स्वतःला अनुभवल्याशिवाय कळणार नाही." सदरा खोचून आडवे झाले. माणूस तसा काटक. पाय जे मागे गेले ते खुर्चीवर न थांबता बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीतून घोट्यापर्यंत पलीकडे गेले. परत येईनात.

दंतवैद्य म्हणाले, "माझ्याकडे बारीक करवत आहे. खुर्ची कापू या."

"खबरदार!" खालून आवाज आला. "सामाईक मालमत्ता आहे ती! ठरावाशिवाय हात लावायचा नाही!"

धावपळ करून समितीचे सदस्य गोळा केले. ते सचिवांभोवती गोल करून उभे राहिले. अध्यक्षांनी विषय मांडला, दोघे कापण्याच्या बाजूनं, दोघे विरुद्ध. निर्णायक मत सचिवांचं. त्यांना हात वर करायला सांगितलं, पण त्यांचे दोन्ही हात कंबरेला लावलेले, काढले तर कोसळणार. तोंडी मत ग्राह्य धरावं का, यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात माझी बायको घरून तेलाची बाटली घेऊन आली. तिनं सचिवांच्या टाचांना तेल चोळलं, एकेक पाऊल वळवून अलगद सोडवलं, हात पुसले आणि आपल्या सतरंजीवर जाऊन राहिलेलं आसन पुरं केलं.

त्यानंतर वर्गाला बहर आला. मी प्रत्येकाची फट मापून प्रत्येकाला पॅकिंग दिलं. कोणाला खुर्ची, कोणाला स्टूल, कोणाला पाटावर पाट. सचिवांना पाठ नसलेला बाक. सगळ्यांचे पाय कुठे ना कुठे टेकले आणि सगळे मला मान देऊ लागले. बाई तेवढ्या म्हणायच्या, "आता जरा खाली आणू या का?" आम्ही म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात." पण आमच्या धंद्यात एकदा सारलेलं पॅकिंग पुन्हा कोणी काढत नाही, आणि मी तर काढूच दिलं नाही. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी रबरी टोपणं मोजत होतो.

वर्गात एकटी माझी बायको पॅकिंगशिवाय होती. आणि तिची फट मिटत नव्हती. आम्ही काल आलेली माणसं पाय टेकवून मोकळी होत होतो आणि ती रोज जमिनीच्या अगदी जवळ जाऊन परत येत होती. एक दिवस घरी आल्यावर तिनं बोटं दाखवली नाहीत. चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "नाही व्हायचं बहुतेक. डॉक्टर म्हणाले होते तेच खरं."

मला ते ऐकवलं नाही. मी तिच्याजवळ बसायला हवं होतं, काही बोलायला हवं होतं. निदान तिचा हात हातात घेता आला असता. मी उठलो आणि माळ्यावरून प्लायवूडची एक पातळ फळी काढली.

वर्गात माझी जागा तिच्या मागच्या रांगेत होती. हलासनात माणसाला स्वतःचे गुडघे तेवढे दिसतात, डोक्यामागचं काही दिसत नाही. तिची सतरंजी लांब होती आणि बोटं सतरंजीच्या टोकाशी यायची. तिचे पाय मागे आले तशी मी ती फळी सतरंजीखाली अलगद सारली. इतक्या वर्षांचा हात माझा, जराही आवाज झाला नाही.

बोटं टेकली.

तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. हसू की रडू ते मला कळलं नाही. बाई दुसऱ्या टोकाला कोणाची तरी मान सरळ करत होत्या. त्या वळेपर्यंत फळी माझ्या पिशवीत होती. ही उठून बसली, तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती सगळ्यांना सांगत होती, "टेकली! आज टेकली!" दंतवैद्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मला डोळा मारला आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

त्या दिवशी तिनं आपल्या ताईला फोन केला, परगावच्या मुलीला केला, आणि ज्या डॉक्टरांनी अपेक्षा ठेवू नका म्हटलं होतं त्यांच्या दवाखान्यातसुद्धा जाऊन आली. संध्याकाळभर स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं. मी सोफ्यावर बसून स्वतःवर खूश होतो. एका पातळ फळीत एवढं सुख मावतं, हे कंपनीत कोणाला सांगून पटलं नसतं.

पण सुख रोज पुरवावं लागतं. रोज ती पिशवी, रोज ती फळी, रोज ते सारणं. वर्गातल्या सगळ्यांना एव्हाना माहीत झालं होतं. हिचे पाय वर गेले की सगळे माझ्याकडे बघायचे, मी फळी सारायचो, आणि मग सगळे दुसरीकडे बघायचे. एवढ्या माणसांत एकट्या तिलाच माहीत नव्हतं, हे मला तेव्हा प्रेमाचं वाटत होतं. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

एका सकाळी सचिवांनी मला दारातच गाठलं. एका खुर्चीचं रबरी टोपण हरवलं होतं. टोपण खुर्चीसोबत हरवलं की खुर्चीशिवाय, असा त्यांचा प्रश्न होता. मी पिशवी छातीशी धरून 'हो, नाही, बघतो' करत होतो. त्यांच्या खांद्यावरून मला आत दिसत होतं. आसन सुरू झालं होतं. हिचे पाय मागे गेले होते आणि बोटं जमीन शोधत होती. जराशी खाली यायची, थांबायची, पुन्हा खाली यायची. कालपर्यंत जिथे जमीन होती तिथे आज नव्हती.

सचिवांना बाजूला सारून मी धावलो. घाईत फळी पिशवीतून काढली, सतरंजीखाली खुपसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचं पॅकिंग खडखडलं.

ही थांबली. मग बाईंनी शिकवलं होतं तशी, पाठीचा एकेक मणका टेकवत, अजिबात घाई न करता खाली आली. उठून बसली. मागे वळून सतरंजीचं टोक उचललं आणि फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दंतवैद्यांकडे, सचिवांकडे, सगळ्यांकडे. कोणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं, हे तिला दिसलं.

"पहिल्या दिवसापासून?" तिनं मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"ताईला फोन केला होता मी," ती म्हणाली. तिनं सतरंजी गुंडाळली आणि निघून गेली.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं चुकलं. मी म्हणालो, हेतू चांगला होता. ती म्हणाली, "हो, होता ना." मी म्हणालो, फरक अगदी थोडा होता. ती उठून कुकर लावायला गेली. शेजाऱ्यांकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. आजी म्हणाल्या, थोडे दिवस बोलू नका. दंतवैद्य म्हणाले, "साहेब, एवढं काय? आम्ही कवळी बसवतो तेव्हा माणूस हसतोच की!" मी म्हणालो, कवळी लावलीय हे त्या माणसाला माहीत असतं. या सगळ्या प्रकरणात मी शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललो, तेही चुकीच्या माणसाशी.

बाईंनी आमचा वर्ग सोडला. जाताना म्हणाल्या, "तुमचं सगळ्यांचं टेकलंय, काका. आता माझं काय काम?" त्यांनी बाजारामागच्या शाळेत नवा वर्ग सुरू केला. बायको तिकडे जाऊ लागली. मी विचारलं, "मीपण येऊ का?" तर म्हणाली, "लांब पडेल तुम्हाला." शाळा आमच्या खिडकीतून दिसते.

सभागृहात आता आम्हीच उरलोय. मी, दंतवैद्य, सचिव आणि आणखी काही आखडलेले. रोज खुर्च्यांवर पाय ठेवून पडतो. घरी आल्यावर चहा मिळतो, बोलणंही होतं. दूध आलं का, मुलीचा फोन आला का, तुमची गोळी घेतलीत का. तिचं माझ्यावाचून अडत नाही आणि माझं काही करायचं ती चुकतही नाही. फक्त ती मला आता काही दाखवत नाही, आणि मला त्याची फार आठवण येते. मी एकदा आपण होऊन विचारलं, "किती राहिलं?" ती म्हणाली, "चालू आहे."

परवा लिफ्टमध्ये दंतवैद्य भेटले. त्यांची बायकोही त्या शाळेतल्या वर्गाला जाते. माझा हात जोरानं हलवत म्हणाले, "अभिनंदन, साहेब! वहिनींची बोटं टेकली म्हणे! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, असं ही सांगत होती. पार्टी कधी देताय?"

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"अहो, झाले की बरेच दिवस! तुम्हाला माहीत नाही?"

मी आमच्या मजल्यावर न उतरता त्यांच्यासोबत वर गेलो आणि जिन्यानं खाली आलो. दार उघडलं तर ही खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. मी समोर बसलो. ती सांगेल म्हणून बराच वेळ थांबलो. ती भाजी निवडत राहिली.

शेवटी मीच म्हणालो, "टेकली म्हणे."

"हो."

"ताईला कळवलंस?"

"कळवलं. मुलीलापण."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं ना, तर तुम्ही आधी खाली काय होतं ते विचारलं असतं."

"छे! असं कसं? मी असं विचारेन का?" मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो. ती पुन्हा भाजीकडे वळली.

खोटं कशाला बोलू? लिफ्टमध्ये दंतवैद्य माझा हात हलवत होते, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला होता तो हाच, की शाळेतली सतरंजी जाड असेल.